चार दहाचा जिना

१

डबी तशी साधीच होती. काड्यापेटीपेक्षा जरा मोठी, पट्ट्यात अडकवून कमरेला लावायची. तिच्यातून पाच वायरी निघून शर्टाच्या आत गेलेल्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला एक चिकट चकती. चकत्या लावायच्या आधी तपासणीवाल्या ताईने माझ्या छातीवरचे केस साफ केले. "काका, हलू नका," ती सारखी म्हणत होती. मी म्हटलं, तीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उभा राहून काम केलंय, हलायची सवयच राहिली नाही. ती हसली नाही. तिच्याकडे दिवसाला अशी दहा माणसं येत असतील आणि दहाही जण घाबरून विनोद करत असतील.

"चोवीस तास काढायची नाही. अंघोळ नाही. बाकी रोजच्यासारखं वागा," असं म्हणून तिने एक बारकी वही हातात दिली. "जे कराल ते वेळ टाकून लिहा. जेवलात, झोपलात, जिना चढलात, कुणावर रागावलात. चक्कर आली तर डबीवरचं हे बटण दाबा."

"रागावलो तर दर वेळी लिहायचं?"

"हो."

"मग अजून दोन वह्या द्या," बाजूच्या स्टुलावरून बायको म्हणाली. या वेळी ताई हसली. माझ्या विनोदाला हसायला तिचं काय गेलं होतं कुणास ठाऊक.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. महिन्यापूर्वी कामावर, लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात, मी चक्कर येऊन पडलो. नंतर एकदा घरी, मोरीपाशी. आमच्या कंपनीच्या साहेबांनी सांगितलं, हृदयाचा रिपोर्ट येईपर्यंत शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट वर-खाली जाते त्या पोकळीत, पाय ठेवायचा नाही, वर्कशॉपमध्ये टेबलाशी बसून सुटे भाग दुरुस्त करा. म्हणजे मला मोडीतच काढलं की. पण तोंड बंद ठेवलं, कारण मोरीपाशी डोळे उघडले तेव्हाचा बायकोचा चेहरा मी पाहिला होता.

आम्हाला मूलबाळ नाही. तिच्या माहेरचं कुणी उरलेलं नाही. माझ्या आईचं अंथरुणावरचं सगळं तिने आठ वर्षं एकटीने केलं, आणि आई गेल्यानंतर एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाली, "मला बाकी काही नको. फक्त शेवटी एकटी राहायला नको. तुम्ही माझ्या मागून या." मी "बरं" म्हणालो. कोपऱ्यावरून दूध आणायला सांगितल्यावर म्हणतो तसं. मोरीपाशी मला शुद्ध आली तेव्हा ती माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. रडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही कबूल केलंय."

म्हणून ती डबी मी लावून घेतली. नाहीतर मी कसला डॉक्टरकडे जातोय.

२

दुसऱ्या दिवशी डबी परत दिली. ताईने ती कॉम्प्युटरला जोडली आणि माझी वही उघडून शेजारी ठेवली. पडद्यावर माझे चोवीस तास हिरव्या रेघेत धावू लागले. सकाळचा चहा, बसची धावपळ, सगळं जिथल्या तिथे. साहेबांवर रागावलो होतो ते सुद्धा दिसलं. तिथे रेघ अशी उसळली होती की ताई गालातल्या गालात हसली.

मग तिचं बोट थांबलं. "काका, चार वाजून दहा मिनिटांनी तुम्ही जिना चढलात का?"

"नाही."

"वहीत काय लिहिलंय बघते. 'चार ते पाच, वर्कशॉप, खुर्चीत बसून दरवाजाच्या कुलपाचं काम.'" तिने रेघ मोठी करून दाखवली. "हे बघा. ठोके वाढत वाढत जातात. मग जरा उतरतात, परत चढतात, परत उतरतात. जिना चढताना, मध्ये वळणावर दम खाताना असंच येतं. मी रोज बघते. आणि नंतर हे एकदम बसल्यासारखं. एकूण तीन मिनिटं."

"मी खुर्चीतून उठलो सुद्धा नाही, ताई. पाहिजे तर साहेबांना विचारा. त्यांना दुसरा उद्योग नसतो, माझ्यावरच डोळा असतो."

"विसरला असाल."

आता जिना चढल्याचं माणूस कसं विसरेल? आणि आमचं वर्कशॉप तळमजल्यावर आहे, वर पत्रा आहे. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाची डबी माझ्या नावावर आली असेल. तिने डबीचा नंबर माझ्या कागदावरच्या नंबराशी लावून दाखवला. मी म्हटलं, घड्याळ चुकलं असेल. चहा, बस, साहेब, सगळ्यांच्या वेळा बरोबर होत्या. 

डॉक्टर भला माणूस होता पण घाईत होता. "हृदय ठणठणीत आहे तुमचं," तो म्हणाला. "जिना सुद्धा छान झेपतोय. पण चक्कर कशाने आली ते यात सापडत नाही. सात दिवसांची लावू या. आणि वही जरा नीट लिहा, आजोबा."

मला आजोबा म्हणाला. माझं वय पंचावन्न. तेही वहीत लिहिणार होतो, पण तोपर्यंत वही संपली होती.

३

सात दिवस बायकोने मला कामावर जाऊ दिलं नाही. "वर्कशॉपमध्ये झोपेत चालत असाल," ती म्हणाली. "इथे माझ्या समोर बसा. मी बघते कोण कुठला जिना चढतं ते." आमचं घर तळमजल्यावरच आहे. पुढची खोली, मागची खोली, मोरी. या घरात चढायला फक्त एक स्टूल आहे.

पहिल्या दिवशी चार वाजता तिने मला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि समोर स्टूल ओढून माझा हात आपल्या मांडीवर घेतला. आईच्या आजारपणात ती नाडी बघायला शिकली होती. दोन बोटं मनगटावर, डोळे भिंतीवरच्या घड्याळावर. तिच्या बोटांत चूक नसते. आई गेल्याचं डॉक्टर यायच्या आधी तिनेच सांगितलं होतं.

"बोलत राहा काहीतरी," ती म्हणाली.

मी जाड्याचं सांगत होतो. जाड्या म्हणजे माझा जोडीदार, वीस वर्षं आम्ही दोघं एका लिफ्टवर, मी खाली तर तो वर. काडीसारखा माणूस, म्हणून जाड्या. त्याने एकदा बंद लिफ्टमध्ये अडकलेल्या बाईला बाहेर काढलं तर तिने त्याच्याच कानाखाली वाजवली, एवढा उशीर का लावला म्हणून. मी हे रंगवून सांगत होतो आणि तिचं लक्ष नव्हतं. तिने बोटं जरा वर सरकवली. मग खाली. मग माझा दुसरा हात घेतला.

"काय गं?"

"काही नाही. सांगा तुम्ही."

मी सांगत राहिलो. ती उठली, माझ्या गळ्याशी बोटं लावली, मग वायरी बाजूला करून छातीला कान लावला. तिच्या केसांचा वास येत होता. रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर ओढलं. मला काहीही होत नव्हतं. चक्कर नाही, घाम नाही, श्वास नीट चाललेला. माझा हात मला दिसत होता, मी बोटं हलवून पाहिली, हलत होती.

"अगं काय झालं सांगशील?"

तिने कान काढला नाही. खूप वेळाने म्हणाली, "आली." आणि मग सरळ आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.  मी घड्याळ पाहिलं, चार वाजून पंधरा मिनिटं व्हायला आली होती. वहीत मी लिहिलं, 'चार ते सव्वाचार, खुर्चीत बसून गप्पा.' याहून वेगळं काय लिहिणार होतो?

रात्री जेवताना तिने सांगितलं. साडेचार मिनिटं माझ्या अंगात कुठेच ठोका नव्हता. "मला लागली नसेल," ती म्हणाली. "वय झालं माझं पण." मीही तेच धरून बसलो. नाडी कधी कधी क्षीण होते, हाताला लागत नाही, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. आणि डबी होतीच की कमरेला. ती खोटं कशाला सांगेल?

दुसऱ्या दिवशी ठोका गेला तो पावणेसहा मिनिटं. तिसऱ्या दिवशी सात.

४

चौथ्या दिवशी सकाळी अकराला डबीतली बॅटरी बदलायला दवाखान्यात जायचं होतं. मी एकटाच गेलो. बायकोला म्हटलं, तू जरा आडवी हो, तीन रात्री तू माझ्या मनगटावरचा हात काढलेला नाहीस.

ताईने तीन दिवसांची रेघ पडद्यावर काढली आणि स्वतःहूनच चार दहाला नेली. "काका, ही रेघ सपाट कुठेच नाही," ती म्हणाली, कारण मी आल्या आल्या तेच विचारलं होतं. "उलट दणदणीत चाललंय. रोज चढताय तुम्ही. रोज थोडं जास्त." तिने तिन्ही दिवसांचे तुकडे एकाखाली एक लावले.

मी चष्मा पुसून जवळ गेलो. सुरुवातीला एक लांब चढ. मग दोन छोटे, मध्ये जरासा उतार. परत दोन छोटे. दोन छोट्यांचा एक मजला, मध्ये वळण. तिसऱ्या मजल्याशी मात्र रेघ चाळीस सेकंद खाली येऊन टेकली होती, तिन्ही दिवशी, तिथेच.

आता हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. लिफ्ट बंद असते तेव्हाच लिफ्टवाल्याला बोलावतात, त्यामुळे या गावातले जिने माझ्याइतके कुणी चढले नसतील. बहुतेक जिने सारखेच. पण एक इमारत आहे, सहा मजल्यांची, जुनी कचेऱ्यांची. तळमजल्यावर पूर्वी मोठं दुकान होतं म्हणून छत उंच, आणि म्हणून पहिला जिना एकसलग लांब. पुढचे सगळे दुमडलेले. आणि तिसऱ्या मजल्यावर मी हत्यारांची पिशवी खाली ठेवतो, कमरेवर हात देऊन उभा राहतो, मग हात बदलून पिशवी उचलतो. चाळीस सेकंद होत असतील. कुणी मोजलेत?

ती इमारत आता रिकामी आहे, दुरुस्तीला काढलीय. महिन्यापूर्वी मी पडलो तो तिच्याच लिफ्टच्या खड्ड्यात.

"काका, पाणी देऊ का?" ताई विचारत होती.

जे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं ते इथे सांगतो. शाफ्टमध्ये आम्ही ओरडत नाही, ओरडलेलं घुमतं, कळत नाही. लिफ्ट ज्या लोखंडी रुळावर चालते त्यावर पान्याने ठोका मारायचा. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे वर. तीन म्हणजे खाली. वरच्याने दोन मारले की तो विचारतोय, वर घेऊ का. खालच्याने दोन मारले की घे. आणि एक ठोका ऐकला की हातातलं काम जिथल्या तिथे, पाय सुद्धा हलवायचा नाही, कारण वरच्याला काहीतरी दिसलंय जे तुला दिसत नाही. याच्यावर आमचे जीव चालतात. म्हणून नियम असा की आपला माणूस वर गेलेला डोळ्यांनी पाहिला असेल तरच उत्तर द्यायचं.

त्या दिवशी जाड्या सुट्टीवर होता. मी एकटाच खड्ड्यात तेल पुसत होतो. वरून दोन ठोके आले. स्वच्छ, आमच्या पद्धतीने. आणि मी दोन परत दिले. वीस वर्षांची सवय, हात आपसूक गेला. मग लक्षात आलं की वर कुणी नाही. त्यानंतर डोळे उघडले ते पहारेकरी तोंडावर पाणी मारत होता तेव्हा. त्याने त्याच्या वहीत माझी चक्कर नोंदवून ठेवलेली, चार दहा.

"काल पाचव्या मजल्यापर्यंत गेलंय," मी म्हणालो.

"काय गेलंय?" ताईने विचारलं.

मी शर्टाची बटणं लावली आणि उठलो. पाचवर सहा. सहाच्या वर त्या इमारतीला काही नाही.

५

घरी आलो तर बायको झोपलेली नव्हती. खुर्ची खिडकीशी मांडून ठेवली होती, समोर स्टूल. अजून एक वाजला होता.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, हृदय दणदणीत आहे."

"आणि चार दहाचं?"

"वायर ढिली असेल म्हणाली. आज परत बोलावलंय, साडेतीनला. डबी बदलून देणार." मी तिच्याशी तीस वर्षांत खोटं बोललो ते एवढंच, म्हणजे या प्रकारचं.

तिने मग माझ्या शर्टाची कॉलर नीट केली, जी नीटच होती. "काल नाडी सात मिनिटं गेली होती," ती म्हणाली. "मी बसून हिशोब केला. रोज सव्वा-दीड मिनिट वाढतंय. मला रात्री असं वाटलं की एक दिवस मी हात धरून बसेन आणि तुम्ही बोलत राहाल, हसाल, जेवाल सुद्धा, आणि ती परत यायचीच नाही. मग मी काय करू? कुणाला बोलवू? माझ्याकडे कोण आहे दुसरं?"

"अगं, असं कधी झालंय का कुठे?"

"साडेचार मिनिटांचं तरी आधी कधी कुठे झालं होतं?"

 मला भीती वाटत होती, आणि मरणाची नव्हती ती. मेलो तर मेलो. पण हिला मी शब्द दिला होता, आणि तो शब्द दिवसाला एक मजला चढून माझ्यापासून लांब जात होता. आज सहावा. तो तिथे पोचायच्या आधी जाऊन त्याला खाली आणायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. कसं आणायचं ते तिथे गेल्यावर बघू. लिफ्टचं कामही आम्ही असंच करतो, आधी जाऊन उभं राहायचं.

"चारच्या आत या," ती दारातून म्हणाली. "ते काही असो, चार दहाला तुमचा हात माझ्या हातात पाहिजे."

"येतो," मी म्हणालो.

६

पहारेकरी कुठेतरी चहाला गेला होता. माझ्याकडे इमारतीची किल्ली होतीच. लिफ्टच्या दाराला मीच महिन्यापूर्वी लावलेली पाटी तशीच लोंबत होती, 'काम चालू आहे'. तळमजल्यावर सिमेंटच्या गोण्या रचलेल्या. चार वाजून पाच मिनिटं झाली होती. वरच्या खिडकीतून जिन्यावर ऊन पडलं होतं, त्यात धूळ तरंगत होती. मी मनगटावर बोटं ठेवून उभा राहिलो. ठोका होता. तिच्याइतकं मला जमत नाही, पण होता.

चार दहाला तो गेला. काही झालं नाही, दुखलं नाही. बोटांखालून कुणी काही काढून घेतल्यासारखं नुसतं गेलं.

आणि माझ्या पुढ्यात, लांब जिन्याच्या पहिल्या पायरीवर, पाऊल वाजलं.

तिथे कुणी नव्हतं. पाऊल दुसऱ्या पायरीवर वाजलं, तिसऱ्या. रबरी तळव्याचा जड बूट, डावा पाय जरासा घासत. मी डावा पाय घासतो, बायको त्यावरून सारखी बोलते. मी मागे निघालो. मनात म्हटलं, आवाज वरून घुमून येतोय, वर कामगार असतील, तूच तुझा ऐकतोयस. पण मी थांबलो की ते थांबत नव्हतं.

पहिला मजला, दुसरा. पावलं एक वळण पुढे, कायम एकच वळण. मी धावलो तरी तेवढंच, हळू चढलो तरी तेवढंच. धावून मला धाप लागली, पण छातीत धडधडत नव्हतं. धाप लागलीय आणि आत सगळं शांत. हे काय असतं ते मी सांगू शकत नाही. तिसऱ्या मजल्यावर वर पिशवी टेकली, आतले पाने खणकले. मग शांतता. मी खालच्या वळणावर कठड्याला धरून उभा राहिलो आणि म्हटलं, "अरे, ऐक माझं. ती वाट बघतेय." माझा आवाज मलाच लाज वाटावी असा आला. पिशवी उचलली गेली. पावलं निघाली.

पाचव्याच्या पुढच्या वळणावर पोचलो तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. जिन्याला लागून असलेल्या शाफ्टच्या जाळीतून हात घालून आतल्या रुळावर मी किल्लीने ठोकलं. तीन वेळा. खाली ये.

पावलं थांबली. मग वरून उत्तर आलं. एक.

मी थांबलो. तुम्ही म्हणाल, का थांबलास, चार पायऱ्यांचा प्रश्न होता. पण एक ठोका ऐकून पाय हलवला असता तर मी पंचविसाव्या वर्षीच मेलो असतो. माझे पाय माझं ऐकत नव्हते, ते तीस वर्षांचं ऐकत होते. मी तसाच, एक पाय वरच्या पायरीवर, मान वर करून उभा राहिलो.

कठड्यांच्या गजांमधून सहाव्या मजल्याचं दार अर्धंच दिसत होतं. त्याच्यासमोर एक माणूस पाठमोरा उभा होता. माझा करडा शर्ट, पाठीवर घामाचा डाग. शर्टाखालून एक वायर निघून कमरेकडे गेलेली. त्याने वाकून बूट काढले, आधी डावा मग उजवा, आणि टोकं दाराकडे करून नीट ठेवले. दार आतून उघडलं. आत खिडकी होती, खिडकीशी खुर्ची, समोर स्टूल.

"आलात?" बायकोचा आवाज आला. "हात द्या आधी."

तो आत गेला. दार लागलं.

७

मग मी धावलो. सहाव्या मजल्याला दार नव्हतंच. दरवाजे काढून नेले होते, चौकटी उघड्या होत्या, आतल्या भिंती पाडून सगळा एकच मोठा रिकामा हॉल केलेला. जमिनीवर बोटभर धूळ. तिच्यावर एक पाऊल उमटलेलं नव्हतं. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो, प्रत्येक चौकटीतून डोकावलो, आणि परत आलो तेव्हा धुळीत माझीही पावलं दिसली नाहीत. मी म्हटलं, उजेड कमी आहे. उजेड कमी नव्हता.

साडेचार वाजून गेल्यावर मी बायकोला फोन लावला. दुसऱ्याच घंटीला तिने उचलला. "हॅलो" म्हणाली नाही. ती फोन बाजूला धरून दुसऱ्याशीच बोलत होती.

"अहो, तुमच्या खिशातून मला फोन लागलाय बघा."

"अगं, मी बोलतोय," मी म्हणालो. "मी आहे, इकडे."

"काहीतरी वाजतंय नुसतं," ती म्हणाली. "कुणी जिना चढतंय असं. खिशात घासतोय वाटतं. नाही, तुम्ही उठू नका. हात नका काढू माझ्या हातातून, मी करते बंद."

मी जागचा हललो नव्हतो. मी जिन्याच्या तोंडाशी उभा होतो, फोन कानाला लावून, आणि ओरडत होतो. तिचं नाव घेऊन ओरडत होतो, जे मी चारचौघांत कधी घेत नाही.

"आलात तेव्हापासून मोजतेय," ती त्याला सांगत होती. "एक ठोका चुकला नाहीये. एक सुद्धा नाही. आज गेलीच नाही बघा."

"हो का?" कुणीतरी म्हणालं. घसा खाकरून, जरा चिडल्यासारखं, मी म्हणतो तसं. "मी म्हटलं नव्हतं तुला, वायर ढिली असेल?"

ती हसली. महिनाभरात मी तिला हसताना ऐकलं नव्हतं. हसता हसता तिला रडू फुटलं, आणि तो म्हणाला, "अगं वेडी का काय, मी कुठे जातोय?" आणि तिने फोन बंद केला.

परत लावायला मी बोट नेलं आणि तसाच बसलो पायरीवर. लागला असता तर सांगणार काय होतो मी? की ज्याचा हात धरून बसलीस तो मी नव्हे? नाडी तर त्याला आहे. मी मनगट चाचपलं, मग गळा, मग वायरी बाजूला करून छातीवर तळहात ठेवून बराच वेळ बसलो. तिला एकटी राहायची भीती होती. ती एकटी नाही. मी तिच्या बाजूने विचार करून पाहिला आणि मला त्यात काही खोट सापडेना, आणि मग मी खूप रडलो.

मला घरी यायला उशीर झाला की पाचच्या ठोक्याला तिचा फोन येतो. कुठे आहात, जेवलात का, किती वेळ. इतक्या वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. पाच वाजले, साडेपाच झाले. फोन हातात धरून मी बसून राहिलो. तो काही वाजला नाही. कशाला वाजेल?